दारावरचा तळवा

ऑर्विल स्टॅम्पर आमच्या रांगेत आला तो सोमवार होता. बुधवारपर्यंत आम्ही चौघांनी ठरवून टाकलं होतं, की हा कंपनीने पेरलेला माणूस आहे.

सदतीस सालचा तो ऑक्टोबर. डेट्रॉईटमधल्या दुसऱ्या दोन बड्या मोटार कंपन्यांनी त्या वर्षी युनियनशी करार केले होते. आमच्या कंपनीने केला नव्हता. आमच्याकडे खिशात युनियनचं कार्ड सापडलं, तर माणूस डबा खायच्या आत फाटकाबाहेर असायचा. कंपनीची साध्या कपड्यांतली माणसं शेडमधून हिंडायची आणि संडासापर्यंत मागे यायची. कामावर बोलायला बंदी होती, म्हणून आम्ही सगळे ओठ न हलवता बोलायला शिकलो होतो. नजर समोर, चेहरा मेलेला, जे काय बोलायचं ते घशातून. पुढे ती सवय अंगातच मुरली. घरी जेवताना मी मीठ मागितलं, तर माझी बायको पिरोश्का म्हणायची, "भिंतीशी लग्न केलं असतं तर निदान वारा तरी अडला असता."

आमचं काम दारांचं होतं. आठ सिलिंडरच्या नव्या गाडीचा सांगाडा पट्ट्यावरून सरकत यायचा. देझोकाका बिजागरी लावायचे, पोलंडचा काझिक दार उचलून त्यात बसवायचा आणि मी ते आवळायचो. माझ्यानंतर ऑर्विल हँडल आणि कुलूप बसवायचा. शेवटी माल्टाचा साल्वू दार दोनदा उघडून लावून बघायचा. दार लागताना दोन खटके ऐकू यायला हवेत. एकच आला, तर वळणावर दार उघडून माणूस रस्त्यावर.

ऑर्विल केंटकीच्या डोंगरातला. तिकडची माणसं कंपनी युनियन फोडायला मुद्दाम आणते, असं आमच्यात बोललं जायचं. त्यात हा गडी बोलायचा कमी आणि बघायचा फार. बघायचा म्हणजे डोळ्यांत नव्हे, तोंडाकडे. आम्ही दबक्या आवाजात काही बोलायला लागलो, की याची मान वळायची आणि नजर आमच्या ओठांवर येऊन थांबायची. शिवाय दर दार लावताना तो पत्र्यावर डावा तळवा टेकवायचा, घोड्याला थोपटावं तसा.

"ती खूण आहे," काझिक म्हणाला. "वर गॅलरीत कोणीतरी बसलाय, त्याला दाखवतो."

"दिवसाला तीनशे वेळा?" मी म्हणालो.

"मग तीनशे वेळा चुगली करतो."

तिसऱ्या आठवड्यात काझिकच्या मावसभावाला कामावरून काढलं. त्याने आठ दिवसांपूर्वी देझोकाकांच्या अंगणात बसून युनियनचं कार्ड भरलं होतं. कारण कोणी सांगितलं नाही, नुसता बिल्ला काढून घेतला. काझिकने त्याच दुपारी आम्हाला सांगितलं, "सोमवारी. सुटल्यावर तो ट्रामसाठी पुलाखालून जातो. तिथे माझी गाडी उभी असेल. ज्या हाताने हा खुणा करतो, तो हात दारात धरायचा आणि दार लावायचं."

"दोन खटके येईपर्यंत," साल्वू म्हणाला. कोणी हसलं नाही. मीही नको असं म्हणालो नाही. मला ते बरोबरच वाटलं होतं.

पण शुक्रवारी सुटल्यावर फाटकाबाहेर एक ट्रक उलटा मागे सरकत येत होता. हॉर्न इतका जोरात, की पलीकडच्या फुटपाथवरची माणसंसुद्धा बाजूला झाली. ऑर्विल माझ्यापुढे दहा पावलांवर होता. तो चालतच राहिला. मी धावत जाऊन त्याची कॉलर ओढली आणि दोघंही कुंपणावर आपटलो. ट्रक त्याच्या बुटाला घासून गेला. मी मागून त्याला दोन शिव्या दिल्या. त्याने वळूनही बघितलं नाही. मग मी त्याला खांद्याला धरून फिरवलं, तेव्हा त्याची नजर पुन्हा माझ्या तोंडावर आली.

मला कळलं. तो ऐकत नव्हता. वाचत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ओठ हलवून बोला, दादा," तो म्हणाला. "तुम्ही चौघं ओठच हलवत नाही. तीन आठवडे बघतोय. वाटलं, मी आवडत नाही म्हणून तोंड मिटून बसता."

फार दिवसांत मी कुणाशी ओठ हलवून बोललो नव्हतो. जबडा दुखला. त्याने सांगितलं ते एवढंच, की चार वर्षं तो प्रेस-शॉपमध्ये होता. छपरांचे पत्रे दाबणाऱ्या त्या यंत्रांखाली आधी उजवा कान गेला, मग डावा. तिथे आणखी दोघांचे कान गेले होते. ते कागदावर आल्याबरोबर दोघांनाही काढून टाकलं, कारण कान यंत्राने नेले हे कंपनीला कुठे लिहून द्यायचं नव्हतं. म्हणून याने एका फोरमनला दारूची बाटली देऊन बदली करून घेतली होती.

"आणि खटके?" मी विचारलं.

त्याने तळवा दाखवला. "हाताला कळतात. पहिला मोठा, दुसरा बारीक. साल्वूने अजून माझं एकही दार परत पाठवलेलं नाही, विचारा त्याला." मग म्हणाला, "नाताळला बायको येतेय, वर्ना, पोर घेऊन. खोली बघून ठेवलीय. कोणाला सांगू नका, दादा. एकाला कळलं की सगळ्यांना कळतं."

मी नाही सांगणार म्हणालो आणि ट्रामभर हिशेब करत बसलो. त्याला पुलाखालून जाऊ नको म्हणावं, तर तो सोमवारी दुसऱ्या रस्त्याने गेला असता. पण काझिककडे मंगळवारही होता. गप्प बसलो तर त्याचा हात जातो. आणि हातच गेला तर खटका कशाने कळणार? बोललो तर त्याचं गुपित तिघांकडे जातं. पण तिघं आपले होते. देझोकाका तर माझ्या लग्नात साक्षीला उभे राहिले होते.

रविवारी चर्चनंतर नेहमीप्रमाणे डेलरे वस्तीत, देझोकाकांच्या अंगणात जमलो. काकांनी झाडाखाली जाळ केला होता. आम्ही काठ्यांना डुकराच्या चरबीचे तुकडे टोचून भाजत होतो आणि वितळलेले थेंब कांदा घातलेल्या पावावर धरत होतो. काका जुन्या गोष्टी सांगत होते. ते कंपनीत आले ते त्या उंच चाकांच्या काळ्या गाडीच्या जमान्यात, जी पुढे अर्ध्या अमेरिकेकडे होती.

"तिला चालवणाऱ्याच्या बाजूला दारच नव्हतं," काका म्हणाले. "पत्र्यावर दाराचा नुसता ठसा. लोक नवी गाडी घेऊन जायचे आणि ते दार उघडायला बघायचे. एक शेतकरी पहार घेऊन आला होता."

"तेव्हा तुमचं काम किती सोपं, काका," साल्वू म्हणाला. "दिवसभर नसलेलं दार लावायचं."

"पगार मात्र असलेला मिळायचा."

हसणं झालं आणि काझिक म्हणाला, "उद्याचं पक्कं ना?"

"तो कंपनीचा नाही," मी म्हणालो.

"कशावरून?"

"मला माहीत आहे."

काझिकने काठी जाळातून बाहेर काढली. "शुक्रवारी तुला कुंपणाशी त्याच्याबरोबर बघितलं लोकांनी. गळ्यात गळा घालून. आणि आज तो कंपनीचा नाही. काय दिलं रे त्याने तुला? की फोरमन करणार आहेत?"

"बालिंट," देझोकाका हळू म्हणाले, "कारण असेल तर सांग. नसेल तर उद्या तूही पुलाखाली ये, म्हणजे आमच्या मनात काही राहणार नाही."

तिघंही माझ्याकडे बघत होते. ऑर्विल बघायचा तसंच, तोंडाकडे. मी सांगून टाकलं. कान, प्रेस-शॉप, तळवा, नाताळ, सगळं.

पहिला हसला तो साल्वू. "म्हणजे तीन आठवडे मी त्याच्या अख्ख्या खानदानावरून जे बोलतोय ते..."

"त्यातलं त्याला काही कळलेलं नाही."

"एवढी मेहनत फुकट गेली."

काझिकने काठी पुन्हा जाळावर धरली. मग म्हणाला, "माझ्या गाडीचं दार वाचलं." त्याच्यापुरती ती माफी होती. देझोकाकांनी पाव मध्ये ठेवला आणि चौघांनी त्यावर हात ठेवून शपथ घेतली, की ही गोष्ट या अंगणाबाहेर जाणार नाही.

पुढचे नऊ दिवस फार चांगले गेले. फोरमन येताना दिसला की साल्वू ऑर्विलच्या पाठीला कोपर लावायचा. काझिक डब्यातला अर्धा कांदा त्याच्यापुढे ठेवायचा आणि आजूबाजूला कोणी नसलं की ओठ इतके हलवायचा, की गायीने रवंथ करावा. ऑर्विल हसायचा. त्याने मला वर्नाचा फोटो दाखवला. पोरगं आईच्या केसांना लोंबकळत होतं.

दहाव्या दिवशी सकाळी फोरमन ग्रिफिन दोन साध्या कपड्यांतल्या माणसांना घेऊन आला. त्यांनी आमचे खिसे तपासले नाहीत, डबे उघडले नाहीत. कोणाला काही विचारलंही नाही. त्यांच्यातला एक सरळ ऑर्विलच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याने कोटाच्या खिशातून दुकानात असते तशी पितळी घंटा काढली आणि ऑर्विलच्या कानामागे वाजवली.

आम्हा चौघांच्या माना गर्रकन वळल्या. ऑर्विल दार लावत होता. त्याने तळवा टेकवला, दुसऱ्या खटक्याची वाट पाहिली, आणि मग आमचे चेहरे बघून मागे वळला. तोवर उशीर झाला होता.

त्याला जाकीट घ्यायला लावलं. जाताना तो माझ्यासमोर थांबला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी म्हणालो, "मी नाही सांगितलं." म्हणालो खरा, पण ग्रिफिन दोन हातांच्या अंतरावर उभा होता आणि माझे ओठ हलले नाहीत. ऑर्विलला माझा मिटलेला चेहरा दिसला असेल, बाकी काही नाही. मग त्या माणसाने त्याच्या दंडाला धरलं. त्याच्या जागी दुपारपर्यंत दुसरा माणूस आला.

संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो. घरमालकीण म्हणाली, सामान घेऊन गेला, पत्ता ठेवला नाही. तो गेल्यावर केंटकीहून बायकोचं पत्र आलं होतं, ते मालकिणीने तसंच परत पाठवलं होतं.

त्या रविवारी चौघंही अंगणात आलो. न येण्याची कुणाची हिंमत नव्हती. जाळ पेटला, काठ्या टोचल्या, पण कोणी पाव कापला नाही.

"घंटा घेऊन आले," साल्वू म्हणाला. "शोधत नव्हते. त्यांना माहीत होतं."

"बायकोला सांगितलंस?" काझिकने मला विचारलं.

"नाही. तू?"

"माझी बायको माझ्याशी बोलत नाही, मी काय सांगणार." तो जाळात थुंकला. "त्याला हुडकलं कोणी पहिल्यांदा? बालिंटने. तो कंपनीचा नाही म्हणाला कोण? बालिंट."

"मी त्याचा हात वाचवला."

"हात वाचवलास आणि माणूस विकलास. फोरमन कधी होणार ते सांग."

मला राग आला आणि रागात डोकं चाललं. तोपर्यंत जे एकदाही मनात आलं नव्हतं ते तोंडातून गेलं. "काझिक, तुझ्या मावसभावाने कार्ड कुठे भरलं?"

"इथेच. तू होतास की."

"मी होतो, तू होतास, काका होते, साल्वू होता. ऑर्विल नव्हता. आणि आपण त्या कार्डाबद्दल शेडमध्ये कधी बोललो नाही, ओठ हलवून नाही आणि न हलवताही नाही. मग ते कंपनीला कसं कळलं?"

चरबीचे तुकडे काळे पडून जाळात गळू लागले, तरी एकानेही काठी वर घेतली नाही. मी काझिककडे बघितलं. तो साल्वूकडे बघत होता, साल्वू देझोकाकांकडे, आणि देझोकाका माझ्याकडे. शेवटी काका उठले, बादलीभर पाणी जाळावर ओतलं आणि म्हणाले, "घरी जा आपापल्या."

त्यानंतर त्या अंगणात आम्ही जमलो नाही. बदली कोणीच मागितली नाही, कारण पहिल्याने मागितली असती तर त्याच्यावरच सगळं आलं असतं. चार वर्षं आम्ही त्याच पट्ट्यावर शेजारी शेजारी दारं लावली आणि कामाशिवाय एक शब्द बोललो नाही. एक्केचाळीसमध्ये युनियन आली, तेव्हा चौघांनीही कार्डं भरली. मी माझं तीन मैलांवरच्या हॉलमध्ये जाऊन भरलं. कंपनीच्या खबऱ्यांची यादी कधीतरी बाहेर येईल, असं लोक म्हणायचे. आली ती नुसत्या आकड्यांची. नाव एकाही आकड्यापुढे नव्हतं.

काझिक युद्धानंतर वारला. देझोकाका बावन्न साली गेले. दफनभूमीतून परतताना पाऊस होता, म्हणून साल्वूने मला त्याच्या गाडीत घेतलं. गाडी आमच्याच कंपनीची, नवीन, हिरवी. वळणावर त्याने गाडी हळू केली.

मग म्हणाला, "आता दोघंच राहिलो, बालिंट. आता खरं सांगायला काय हरकत आहे? तूच ना तो?"

"मी हेच तुला विचारणार होतो," मी म्हणालो.

"मी नव्हतो."

"मीही नव्हतो."

"मग काझिक," तो म्हणाला. "किंवा म्हातारा."

"किंवा म्हातारा," मी म्हणालो.

मी त्याच्याकडे बघत होतो. हाच असता, तर पंधरा वर्षांनी विषय कशाला काढला असता? आणि हाच असता, तर नेमका आजच काढला असता, उरलेले दोघं जमिनीत गेल्यावर. तोही गाडी चालवता चालवता मधूनमधून माझ्याकडे बघत होता. त्याच्या मनात काय चाललं होतं, ते मला सांगायला नको होतं.

कोपऱ्यावर उतरव, मी म्हणालो. माझं घर तिथून अजून तीन गल्ल्या लांब होतं. त्यालाही ते ठाऊक होतं. त्याने गाडी बाजूला घेतली.