झालरीखालचा डावा तळ

मी एक जुना तळ आहे. पायताणाचा तळ, आणि तोही डाव्या पायाचा. मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला माझ्याकडे चोरून बघावे लागणार नाही. मी जाड आहे. माझा उजवा भाऊ चारचौघांसारखा पातळ आणि हलका आहे. मी मात्र त्याच्या तिप्पट. आम्हा दोघांना एकत्र पाहिले की लोकांना वाटते, बनवणाऱ्याचे काहीतरी चुकले. त्याचे काहीही चुकले नव्हते. तरीही माझा सगळा जन्म मान खाली घालून गेला.

नांदेडला नरसिंग नावाच्या कारागिराच्या छोट्या दुकानात मी घडलो. पंचशीलाताई धर्माबादच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्या आपल्या मुलीला, धम्मप्रियाला, घेऊन तिथे आल्या. धम्मप्रियाचा डावा पाय जन्मापासून उजव्यापेक्षा आखूड आहे. नरसिंगमामांनी तिला फरशीवर अनवाणी उभे केले आणि डाव्या पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे एकेक करून सरकवत गेले. मध्येच मागे होऊन तिच्या कमरेकडे बघायचे, पुन्हा वाकायचे.

"आता कसं वाटतंय पोरी?"

"सरळ," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

त्या पुठ्ठ्यांएवढी माझी जाडी ठरली. रबराचे थर एकावर एक चिकटवून, घासून, मला आकार दिला गेला. असा तळ बनवायला फार वेळ लागतो. प्रत्येक कपड्यावर वेगळा जोड करणे शक्यच नव्हते. म्हणून मामांनी एक युक्ती काढली. तळ एकच ठेवायचा आणि वरचा साज बदलायचा. कारागीर त्याला अपर म्हणतात. आम्हा दोघांच्या कडेला त्यांनी हूक आणि टिचबटणे बसवली. शाळेसाठी काळा अपर, रोजच्यासाठी तपकिरी पट्ट्यांचा, पावसासाठी प्लास्टिकचा आणि लग्नकार्यासाठी सोनेरी जरीची मोजडी. काढला, लावला, झाले. अपर मंडळी फार मिजासखोर. त्यांना वाटायचे, चालतात तेच.

पण त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला नाही. धम्मप्रिया दुकानासमोरच्या गल्लीत चालून आली, एकदा, पुन्हा एकदा, आणि तिचा खांदा एकदाही खाली गेला नाही. मला वाटले, आपल्यासारखे भाग्यवान कोण!

मग पंचशीलाताईंनी आवाज बारीक करून विचारले, "दादा, ह्या वरच्या भागांना खाली झालर लावता येईल का? म्हंजे हे जाड दिसणार न्हाई."

"लावता येते की. पर पायात अडकंल, ताई."

"अडकू द्या. दिसू नये बस्स."

त्या आईला मी दोष देत नाही. लोकांच्या नजरा तिने लेकीपेक्षा जास्त झेलल्या होत्या. पण झालर लागली आणि मला कळले की आपण लपवण्याची वस्तू आहोत. लाज काय असते ते मी तिथे शिकलो, आणि नंतर फक्त पक्के करत गेलो.

पुढे पंचशीलाताईंची बदली औशाला झाली. धम्मप्रिया तिथल्या कॉलेजात अकरावीला गेली. नवे गाव, नवी माणसे. मी पायाखाली आणि माझ्यावर झालर, त्यामुळे तिचा पाय आखूड आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही आले नाही. उलट भलताच बोलबाला झाला. शेजारच्या बाकावरच्या अंजूने एकदा विचारलेच, "किती जोड हायेत गं तुझ्याकडं? रोज येगळी चप्पल घालून राहिलीस. लई मोठ्या घरची दिसतेस बाई!"

धम्मप्रिया नुसती हसली. खरे सांगायला एकच वाक्य पुरले असते, पण ते तिच्या तोंडून निघेना. त्यानंतर तर ते सांगणे रोज अवघड होत गेले.

मित्रांनो, माझी सगळी ताकद उंबऱ्यापर्यंत. आपल्याकडे दार आले की पायताण बाहेर. कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीत सगळी मुले चपला बाहेर काढून जायची, आणि नेमके त्या तासाला धम्मप्रियाचे डोके दुखायचे. विहारात वंदनेला ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची आणि सगळे गेल्यावर उठायची. अंजूच्या घरी गेली तर पायरीवरच बसायची. "आत ये की," अंजूची आई म्हणायची. "इथं वारं लागतंय काकू, बरं वाटतंय," असे म्हणून ती मला पायातून सोडायची नाही. तेव्हा मला स्वतःचीच चीड यायची. मी तिला रस्ता मोकळा करून दिला आणि घरे मात्र बंद केली.

अशात अंजूच्या थोरल्या बहिणीचे लग्न निघाले. नवरदेव देगलूरकडचा. अंजू हट्टालाच पेटली. "तू न्हाई आलीस तर मी बोलणार न्हाई." पंचशीलाताईंची त्या दिवशी ड्यूटी होती. त्यांनी लेकीच्या केसांत गजरा माळला, माझ्यावर सोनेरी मोजडी चढवली आणि झालर नीट खाली ओढली.

मंगल कार्यालय गावाबाहेर, लातूर रोडला होते. अंजूने धम्मप्रियाला अगदी पुढच्या रांगेत, स्टेजच्या पायऱ्यांपाशी बसवले. नवरदेव अंगापिंडाने लहानखोर, गोरागोमटा. त्याच्या पायातही सोनेरी मोजडीच होती, पण नवी कोरी, आणि ती त्याला चावत होती. त्यामुळे बिचारा जपून, जरा फेंगडा चालत होता. बायकांनी ते हेरले होते. आता तुम्हाला ठाऊकच आहे, लग्नात नवरीच्या बहिणी नवरदेवाचे जोडे पळवतात आणि मान घेतल्याशिवाय परत देत नाहीत. नवरदेवाचे मामा मलप्पा मोठे हुशार. भाचा बोहल्यावर चढताच त्यांनी खरे जोडे गुपचूप पिशवीत घातले आणि गाडीत नेऊन ठेवले. ती गाडी मग बर्फ आणायला गावात गेली.

माईकवर गुरुजी म्हणाले, "पायातलं काढून उभं राहा, मंगलाष्टका सुरू होतात." सगळे उभे राहिले. धम्मप्रियाने खुर्चीची पाठ धरली, आम्हाला पायातून सोडले आणि डावा पाय चवड्यावर तोलून जागच्या जागी उभी राहिली. लांब घागरा होता, कोणाला दिसले नाही. अक्षतांचा पाऊस सुरू झाला. तेवढ्यात अंजूची एक आतेबहीण वाकून आली, पायऱ्यांपाशी सोनेरी जरी चमकताना तिला दिसली, आणि तिने आम्हा दोघांना ओढणीत गुंडाळून पळ काढला.

"लई जड हायेत गं!" ती धापा टाकत म्हणाली.

"नवरदेवाचे हायेत, जड असणारच," दुसरी म्हणाली. त्यांनी आम्हाला भांड्यांच्या खोलीत, पातेल्याखाली लपवले.

लग्न लागले. करवल्या नाचत स्टेजवर आल्या. "जोडे पाहिजेत का दाजी?" मलप्पामामा मिशीत हसले. "आमचे जोडे कव्हाच जागी पोचले. दाखवा बरं तुमच्याकडं काय हाय ते!" मुलींनी ओढणी सोडली आणि आम्हाला सगळ्यांसमोर उंच धरले. घाईत माझे एक टिचबटण सुटले होते. झालर खाली लोंबली आणि मी उघडा पडलो.

आधी हशा पिकला. मग तो हळूहळू थांबत गेला. मागून एका बाईचा आवाज आला, "अगं बया, एक जाड आन एक बारीक? मी म्हणलंच, नवरदेव पाय टाकतोय कसा!"

मित्रांनो, उंच धरलेल्या वस्तूला तोंड लपवता येत नाही. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता.

"आमचे न्हाईत हे," मलप्पामामा म्हणाले.

"मग तुमचे कुठायत?" नवरीचे वडील सटवाजी पुढे आले. भला माणूस, पण राग यायला वेळ लागत नसे.

"गाडीत हायेत."

"गाडी कुठाय?"

"बर्फ आणाय गेली."

"वा! बरी गेली! मग नवरदेवाला म्हणावं चार पावलं चालून दाखव."

मामांचा चेहरा लाल झाला. "माझा भाचा काय बाजारातला बैल हाय का, चालवून बघायला? आमच्या शब्दाला किंमत न्हाई? उठ रे पोरा. इथं पंगतीला बसायचं न्हाई."

"आधी खरं सांगा आन मग जा!" सटवाजी ओरडले. माईक चालूच होता, त्यामुळे त्यांचा शब्द पार वाढप्यांपर्यंत गेला. "लंगडं पोरगं माझ्या लेकीच्या गळ्यात बांधलं का? असल्या घरी देण्यापरीस लेक घरी बसलेली बरी!"

नवरीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. नवरदेव तोंड उघडायला गेला, तर मामांनी त्याचा दंड धरला. देगलूरची मंडळी खुर्च्या सरकवून उठू लागली. एवढ्या हौसेने लागलेले लग्न माझ्यामुळे मोडायला आले होते. मला बोलता आले असते तर मी ओरडून सांगितले असते. पण मी कोणाचा आहे हे सांगणे म्हणजे तिचे नाव घेणे, आणि तेही मला करवले नसते.

धम्मप्रिया पुढच्या रांगेत बसली होती. तिने पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते. ती तशीच बसून राहिली असती तर तिचे गुपित शाबूत राहिले असते, आणि गाडी परत आली की नवरदेवाचे खरे जोडेही सगळ्यांना दिसले असते. पण तोवर मंडळी निघून गेली असती.

ती उठली.

अनवाणी, पायऱ्या चढून, स्टेजच्या मधोमध चालत आली. डावा पाय टेकला की खांदा खाली, उजवा टेकला की वर. मी तिला कधी असे चालताना पाहिले नव्हते, कारण ती चालायची तेव्हा मी एकतर तिच्या पायाखाली असायचो, नाहीतर दाराबाहेर. मला रडू फुटले असते. अंजूचा हात तोंडावर गेला.

"काका, ते माझे हायेत," धम्मप्रिया म्हणाली. "पाय माझा आखूड हाय. नवरदेवाचा न्हाई."

नवरदेव मामांचा हात सोडवून पुढे आला आणि त्याने आपली सोललेली टाच वर करून दाखवली. "जोडा चावला हो मला. एवढंच हाय." एरवी लोक खो खो हसले असते. त्या वेळी कोणाला हसू आले नाही.

मलप्पामामांनी आम्हाला करवलीच्या हातातून घेतले, वाकून धम्मप्रियाच्या पायांपाशी नीट जोडीने ठेवले आणि पंगतीकडे गेले. त्यांच्या मागोमाग देगलूरची सगळी मंडळी जेवायला बसली. लग्न वाचले.

धम्मप्रिया जेवायला बसली तेव्हा सटवाजी स्वतः बुंदीचे ताट घेऊन वाढायला आले. तिच्यासमोर येऊन उभे राहिले. वाढायचे विसरले.

"पोरी," ते म्हणाले, "ते मी तुला न्हाई म्हणलो गं."

"हाव काका," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मला कुणीच म्हणत न्हाई. पर ऐकू मलाच येतंय."

सटवाजींच्या हातातले ताट तसेच राहिले. पाठीमागून कोणीतरी "बुंदी, बुंदी" म्हणून हाका मारत होते, तरी त्यांना पाऊल उचलता येईना. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्यापेक्षा जास्त शरमलेला कोणीतरी पाहिला. मला त्याचा आनंद झाला नाही. चांगला माणूस होता तो. त्याने फक्त असा शब्द वापरला होता, जो सगळेच वापरतात.

घरी आल्यावर धम्मप्रियाने आईला सगळे सांगितले. पंचशीलाताई बराच वेळ गजऱ्याची सुकलेली फुले वेचत बसल्या. मग त्यांनी कपाटातून कात्री आणली आणि एकेका अपरची झालर कापून काढली. त्यांच्याही मनात माझ्याएवढीच लाज साचली असणार.

आता माझे थर सुटू लागले आहेत. धम्मप्रियासाठी नरसिंगमामांनी नवा तळ केला आहे, आणि त्याला झालर नाही. मी आता त्यांच्या दुकानाच्या फळीवर नमुना म्हणून असतो. गिऱ्हाईक मला हातात घेऊन उलटसुलट करते तेव्हा मला अजूनही आत कुठेतरी आकसल्यासारखे होते. इतक्या वर्षांची सवय एकदम जात नाही.

पण मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. कुठे दाराबाहेर एक पायताण जाड आणि एक बारीक दिसले, तर ते उचलून हसू नका. वाकडे पडले असेल तर जोडीने सरळ ठेवा. आणि घरात पाऊल टाकल्यावर जरा जपून बोला. ज्याचे ते आहे, तो आतच बसलेला असतो.