करड्या रंगातला लेआउट

धम्मशीलाने नकाशावर आधी पाण्याची टाकी शोधली, मग टाकीपासून बोट सरकवत आपल्या लेआउटपर्यंत, गावाबाहेर प्लॉट पाडून बसवलेल्या नव्या वस्तीपर्यंत, आली. आनंदबन लेआउट असं नाव होतं, रस्त्यांच्या बारीक रेघाही होत्या. पण तो सगळा तुकडा करड्या रंगाने भरून टाकला होता. शेजारच्या वस्त्या पिवळ्या, बाजार लाल, देऊळघाट रस्त्यावरचे कारखाने जांभळे. विजेवर चालणाऱ्या नव्या बसची हिरवी रेघ बसस्थानकावरून निघून टाकीपर्यंत येत होती आणि तिथूनच माघारी वळत होती.

नगरपालिकेच्या सभागृहाच्या भिंतीवर पुढच्या वीस वर्षांचं शहर लावलं होतं. पाणीपुरवठ्याच्या पडीक जागेवर सोलर पॅनल, त्या विजेवर धावणाऱ्या छोट्या बसगाड्या, कारखान्यांसाठी नवी जागा, भाजीबाजाराला छप्पर. लोकांनी बघावं, हरकती-सूचना द्याव्यात म्हणून आठवडाभर ते खुलं होतं. लोक येत, आपल्या प्लॉटवरून रस्ता जातो की काय तेवढं बघत आणि चहा पिऊन जात. धम्मशीला मात्र छकुलीला कडेवर घेऊन एकाच जागी उभी राहिली.

बाकीचं कधीही होवो, बस दिवाळीपासूनच धावणार होती, आणि त्या हिरव्या रेघेवर तिचं सगळं अडकलं होतं. देऊळघाट रस्त्यावरच्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात, लॅबमध्ये, तिची निवड झाली होती. केमिस्ट्रीची पदवी घेतल्यावर लग्न झालं, मग छकुली झाली, आणि पदवी कपाटात राहिली ती राहिलीच. आता दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. पण लेआउटमध्ये ऑटो येत नसे. ऑटोवाले टाकीपाशीच उतरवून देत. तिथून पुढे खडीचा लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना बाभळी, अंधार पडला की कुत्र्यांची टोळी. गाडी तिला चालवता येत नव्हती, आणि लेकराला पुढे उभं करून त्या खडीवर शिकायची तिची छाती नव्हती. बस आली तर वाटेवरच्या पाळणाघरात छकुलीला सोडून पुढे कारखाना. नाही आली तर नोकरी नाही. आणि नोकरी नाही तर या घराला कुलूप लावून घाटाखाली, मोताळ्याला, सासूकडे. सासू तर वर्षभर तेच म्हणत होती.

टेबलामागे लॅपटॉप घेऊन ऋत्विक बसला होता. आराखडा करणाऱ्या कंपनीचा माणूस, पुण्याहून आलेला.

"सर, हा भाग करडा का आहे?"

त्याने मान उंच करून बघितलं. "ते रिकामं आहे, मॅडम. घरं बांधलीत, पण राहत नाही कोणी. लोक घेऊन ठेवतात नुसतं."

"मी राहते तिथं."

"हो?" तो जरा ओशाळला. लॅपटॉपमध्ये काहीतरी शोधू लागला. "आमची माणसं तीनदा येऊन गेली हो. बहुतेक घरांची दारंच उघडली नाहीत. आणि बाकीच्या ठिकाणी..." त्याने वाचून दाखवलं, "'घरी कोणी नाही असे सांगण्यात आले.'"

"कोणी सांगितलं?"

"तसं लिहिलेलं नाही इथं."

धम्मशीलाने पुढे विचारलं नाही. एका घरातून ते कोणी सांगितलं होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. उन्हाळ्यातली दुपार, जाळीच्या दाराबाहेर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस, आणि तिने आतूनच म्हटलेलं, घरी कोणी नाही, मग या. तिची आई असंच म्हणायची. आजीही. घरी कोणी नाही म्हणजे घरात पुरुषमाणूस नाही, हे दारातल्या माणसालाही कळायचं आणि तो निमूट परत जायचा. या माणसानेही तेच केलं होतं. फक्त जाताना मोबाइलवर एक खूण करून गेला होता.

"रविवारी पुन्हा पाठवतो एकीला," ऋत्विक म्हणाला. "सोमवारी आराखडा पुढे जाणार, त्यानंतर माझ्या हातात काही नाही. घरटी एक तरी मोठं माणूस भेटू द्या. बाई असली तरी चालेल."

"काय विचारतात?"

"साधंच. घरात किती जण, कोण कुठे कामाला जातं, किती वाजता निघतं, किती वाजता परत येतं."

तिने छकुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. जे कोणालाही कळू नये म्हणून ती वर्षभर धडपडत होती, तेवढंच नेमकं त्यांना हवं होतं.

प्रसेनजित राजस्थानात होता. वाळवंटात मैलोन् मैल पसरलेल्या पॅनलांची देखभाल करायची, धूळ झाडायची, बिघाड शोधायचा. वर्षातून दोनदा यायचा. तो नसताना धम्मशीलाने घरात त्याला ठेवायच्या नाना युक्त्या केल्या होत्या. दाराबाहेर त्याच्या चपला. दोरीवर त्याचा शर्ट. दूधवाला आला की आतल्या खोलीकडे तोंड करून, "अहो, दूध आलं." एकदा छकुलीने त्यावर आतून "हो" म्हटलं आणि धम्मशीलाला हसू आलं, मग स्वयंपाकघरात जाऊन ती कितीतरी वेळ ओटा धरून उभी राहिली.

संध्याकाळी फोनवर तिने त्याला सगळं सांगितलं.

"अनोळखी माणसाले असं सांगतेत का कोणी?" तो म्हणाला. "एकटी हावो म्हणून? वेडी झालीस का तू?"

"मग बस कशी येईन?"

"नाही आली तर नाही आली. आईजवळ जा. मले इकडं झोप तरी लागन."

"आणि नोकरी?"

त्याच्याकडून वाऱ्याचा आवाज येत राहिला. "मी काय नाही म्हणून राह्यलो का?" तो शेवटी म्हणाला. "मले भेव लागते, एवढंच."

मलेही, असं तिला म्हणायचं होतं. पण दोघांनीही तेच म्हटलं तर मग बोलायला काय उरलं असतं.

शनिवारी दुपारी छकुलीची झोप झाल्यावर ती तिला घेऊन निघाली. घरं सगळी एकसारखी. लोखंडी फाटक, जाळीचं दार, आत पडदा. पहिल्या घराची बेल वाजवली तशी आतला टीव्ही बंद झाला. मग थोड्या वेळाने आवाज आला.

"घरी कोणी नाही."

धम्मशीला फाटकाशी उभी राहिली. आवाज बाईचा होता, तिच्याच वयाची असावी. दाराच्या मागे ती नेमकी कुठे उभी असेल, एक हात कडीवर आणि दुसरा मुलाच्या तोंडावर, हेही तिला दिसल्यासारखं झालं.

"ताई, मी मागच्या रांगेतली. मीपण असंच म्हणते."

काही नाही. पुढच्या घरीही काही नाही. त्याच्या पुढच्या घरी खिडकीचा पडदा हलला आणि जाळीच्या आडून एक चेहरा दिसला. तिचं नाव सुचिता. नवरा पोलिसात, बदली गडचिरोलीला. हे तिने आपणहून सांगितलं नाही; धम्मशीलाने आपलं सगळं आधी सांगितलं तेव्हा तेवढं बाहेर पडलं.

"तुमचं खरं हाय," सुचिता जाळीतूनच म्हणाली. "पण यांनी बजावून ठेवलं, कोणाले काही सांगू नको म्हणून. मागे टाकीपाशी चोरी झाली ना."

"उद्या मुलगीच येणार आहे विचारायला."

"मुलगी काय, मुलगा काय. लिहून तर नेतेच ना."

धम्मशीला स्वतःही रात्रभर तिथंच अडकली होती.

शेवटच्या कोपऱ्यावरच्या घराचं दार मात्र सताड उघडं. सिंधूताई पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. मुलगा नाशिकला, मालक वारलेले.

"ये माय," त्या म्हणाल्या, जणू रोजच येणं होतं. "मले कोण पळवून नेते? म्हणून मी दार लावतच नाही."

धम्मशीला पायरीवर टेकली. छकुली शेंगांच्या टोपल्याकडे सरकली.

"सहा महिन्यांपासून तुले पाहून राह्यली मी," सिंधूताई म्हणाल्या. "गच्चीवर येतं, कपडे वाळू घालतं. एक मर्दानी शर्ट रोज दोरीवर. तोच. म्या म्हटलं, हा गडी एकाच शर्टावर साल काढते का काय."

धम्मशीलाचे कान गरम झाले. "लोकांना कळतं ते?"

"लोक कोण हायेत इथं पाहाले? मीच हावो."

"मग तुम्ही कधी हाक का नाही मारली?"

सिंधूताईंनी एक शेंग फोडली, दाणे छकुलीच्या तळहातावर ठेवणार तोच धम्मशीलाने ते अलगद काढून घेतले. एवढ्या लहान लेकराच्या घशात अडकतात. सिंधूताईंना राग आला नाही. त्यांनी दाणे पुन्हा घेतले आणि पायरीवरच्या दगडाने ठेचू लागल्या.

"तू फाटकाले कुलूप लावतं," त्या म्हणाल्या. "कुलपाले कोण हाक मारन?"

रविवारी सकाळी जी आली ती कॉलेजातली पोरगी होती, मयुरी नावाची. तोंडाला स्कार्फ, हातात मोबाइल. लेआउटच्या तोंडाशीच थांबून ती रस्ता न्याहाळत होती. आत यायला तीही बिचकत होती, हे धम्मशीलाला गच्चीवरून दिसलं. ती खाली आली. फाटकाचं कुलूप काढलं, दार पूर्ण उघडलं.

"घरात किती जण राहता, ताई?"

जीभ सवयीने तीनच म्हणणार होती. छकुलीने तिच्या ओढणीचं टोक तोंडात घातलं होतं. धम्मशीलाने ते सोडवलं, पुसलं.

"दोघी," ती म्हणाली. "मी आणि ही."

"साहेब?"

"बाहेर असतात. वर्षातून दोनदा येतात."

मयुरीने ते टिपलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. तिला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. धम्मशीलाने मात्र एवढं साधं वाक्य आजवर एकाही माणसासमोर म्हटलं नव्हतं, आणि म्हटल्यावर ते किती खरं आहे हे तिचं तिलाच ऐकू आलं.

"कामाला कोण जातं?"

"मी जाणार. बस आली तर."

"ते लिहायला जागा नाही, ताई."

"मग लिही की जाते. सकाळी आठला. देऊळघाट रस्त्याला."

नंतर ती मयुरीबरोबर दारोदार गेली. सिंधूताई मागून आल्या आणि फाटकं हलवत सुटल्या. "उघडा वं, पोरगी उन्हात उभी हाय. तुमच्या घरातलं सोनं नाही विचारून राह्यली ते." काही दारं उघडली. काही नाही उघडली, आणि आतल्या बाईला दोष द्यावासा धम्मशीलाला वाटला नाही. सुचिताने आधी जाळीतून बघितलं, धम्मशीलाला बघितलं, छकुलीला बघितलं. मग कडी निघाल्याचा आवाज आला. तिच्या मागे दोन मुलं भिंतीला चिकटून उभी होती. त्या घरात मुलं आहेत हे धम्मशीलाला तोवर माहीतच नव्हतं.

बुधवारी ऋत्विकचा फोन आला. तुकडा फिका पिवळा झाला होता. सगळी घरं मिळाली नव्हती, त्यामुळे दिवसभराच्या फेऱ्या नाहीत; पण दिवाळीपासून सकाळी एक आणि संध्याकाळी एक बस लेआउटच्या तोंडापर्यंत येईल. सकाळची सातला.

"सातला?" पाळणाघर साडेआठला उघडत होतं.

"चार्जिंगचं गणित आहे, मॅडम. पॅनलची वीज, गाड्यांची संख्या... पुढच्या वर्षी बघू."

तिने आभार मानले. मग छकुलीला घेऊन कोपऱ्यावर जाऊन आली आणि मोताळ्याला फोन लावला.

"आई, मी तिकडं येत नाही. नोकरीवर रुजू होते."

"मंग पोरीले कोण पाहीन?"

"सिंधूताई."

"ते कोण?"

"कोपऱ्यावर राहतात."

"कवापासून वळखतं तिले?"

धम्मशीलाला खोटं सुचलं होतं, पण ती म्हणाली, "शनिवारपासून."

सासू म्हणाली, "पाहा बाप्पा," आणि फोन ठेवला.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी धम्मशीलाने तालीम म्हणून छकुलीला कोपऱ्यावर सोडलं. पाण्याची बाटली, लंगोट, दाण्यांविषयीच्या सूचना. सिंधूताई सगळ्याला "हाव, हाव" म्हणत मान डोलावत होत्या. घरी येऊन ती गच्चीवर चढली आणि कठड्याआड उभी राहिली. रडणं ऐकू आलं की धावायचं, असं तिने ठरवलं होतं. ऊन वर चढलं, सुचिताच्या अंगणात कोणीतरी बादली आपटली, दूर टाकीपाशी ऑटो वळला. छकुली रडली नाही.

धम्मशीला खाली आली. घरात एवढी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. उद्या घालायचा ड्रेस काढून ठेवावा म्हणून कपाट उघडलं, आणि ड्रेसबरोबर तळातली पदवीही बाहेर काढून ठेवली.