एक मग गोडं पाणी

मी चाळीस नंबरच्या कुंडीतलं भाताचं रोप बोलतोय. नाव विचारू नका, ते ठेवायला कुणाला सवडच झाली नाही.

कोलकात्याच्या एका प्रयोगशाळेत, बाटलीत माझा जन्म झाला. खाडीकाठच्या रानटी गवताचा एक जनुक माझ्या पेशींत घातला होता. खाऱ्या पाण्यात जगावं, पावसाने दडी मारली तरी तग धरावा, एवढंच माझ्याकडून हवं होतं. एवढंच! आमटीत चिमूटभर मीठ जास्त पडलं तर माणसं ताट सरकवतात.

माझ्या कर्त्याधर्त्या विनीताताई. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून त्या पुण्याहून इथे आल्या आणि सहा वर्षं या एकाच कामाला चिकटून राहिल्या.

आमचं काचघर झाडायला सरला यायची. सुंदरबनातून निघून, पहाटेच्या गाडीने सियालदह स्टेशनवर उतरायची. खाडीचा बांध फुटला तेव्हा तिच्या शेतात खारं पाणी शिरलं होतं, आणि चार वर्षं तिथे काही पिकलं नव्हतं. यातलं एक जरी रोप जगलं तरी तुमच्या जमिनीसाठी बी होईल, असं ताईंनी तिला सांगितलं होतं. तेव्हापासून ती आमच्यापुढे केरसुणीसुद्धा हळू चालवायची.

चैत्र सरता सरता आम्हा चाळीस भावंडांना मिठाचं पाणी सुरू झालं. मुळं जळजळायची, पानांची टोकं करपायची. एकेकाने मान टाकली. मीही टाकणारच होतो. पण दाराजवळच्या माझ्या कुंडीत सरला रोज सकाळी, ताई यायच्या आत, मगभर गोडं पाणी ओतू लागली. बाकी सगळे गेले, मी तेवढा उरलो.

मला लोंबी आली तेव्हा विनीताताईंनी माझी कुंडी दोनदा फिरवून पाहिली. फोनवर नवऱ्याला म्हणाल्या, "सलील, एक जगलंय रे." मला ओरडून खरं सांगावंसं वाटलं. पण बोलण्याचा जनुक कुणी मला दिला नव्हता.

पुढे त्यांच्याच लक्षात आलं. बाकीच्या कुंड्यांत मातीवर मीठ फुललं होतं, माझी माती मात्र काळीभोर. त्यांनी ती तपासली आणि सरलाला विचारलं. तिने काही लपवलं नाही.

"बैशाख में एक गाछ को रोज पानी देना होता है, दीदी. घर का तुलसी तो नोना पानी में मर गया. इसको दिया." तिच्या घरची तुळस खाऱ्या पाण्याने मेली होती, म्हणून वैशाखात रोज एका झाडाला पाणी घालायचं व्रत तिने माझ्यावर पाळलं होतं.

विनीताताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या भरवशावर त्यांनी कामाची मुदत वाढवून मागितली होती, तो अर्ज त्यांनी त्याच दिवशी मागे घेतला.

काय बिघडलं ते सरलाला कळलंच नाही. तिने माझ्या लोंबीवरून बोट फिरवलं आणि दाणे मागितले. दाणे चांगले भरलेले होते, पण तिच्या शेतात आठवडाभरात कुजले असते. शिवाय मी जनुक बदललेलं रोप, नियमाने माझं पानसुद्धा बाहेर नेता येत नाही. यंदाचं बी कच्चं आहे, असं ताईंनी तिला सांगितलं.

"तो अगला साल?"

"हां," ताई म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

उद्या मला वाफेच्या यंत्रात घालतील, मग जाळतील. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. तिने पाणी घातलं नसतं तरी मी वाचणार नव्हतो. त्या गवताचा जनुक माझ्या अंगी लागलाच नाही. वाईट वाटतं ते सरलाचं. ती वर्षं मोजत बसेल.

वाचकहो, कधी सियालदहला ती भेटली, तर पुढच्या वर्षाचं विचारेल. काय उत्तर द्यावं ते मलाही सुचत नाही. पण तुम्ही तरी तिला हो म्हणू नका.