गादीचा डेमो

“बेल कायले वाजवून राहिला? दार उघडंच हाय,” आतून रुक्माकाकूंचा आवाज आला.

प्रवीणने व्हॅक्युम क्लीनरची पेटी उंबऱ्याच्या आत घेतली आणि बूट काढले. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, अख्ख्या सेक्टर १० मध्ये, त्याच्यासाठी आपणहून उघडं राहणारं हे एकच दार. बाकी क्वार्टरांतून त्याला लांबून पाहिलं तरी ‘नहीं चाहिए’चा जप सुरू व्हायचा, नाहीतर घरात माणसं असून घर मुकं व्हायचं. त्यात त्यांचंही काही चुकत नव्हतं. दुपारच्या वेळी बेल वाजवणाऱ्याला कोण ओवाळणार? कधी मिक्सर, कधी पाण्याचा फिल्टर, आता हे. मिशी फुटल्यापासून तो लोकांच्या झोपा मोडत आला होता. कॅम्प-१ मधलं त्याचं घर त्या मोडलेल्या झोपांवरच चालत होतं.

या धंद्यात हमखास लागू पडतो तो गादीचा डेमो. स्वच्छ दिसणाऱ्या गादीवर नळी फिरवायची आणि नळी मशीनला जोडते तिथे लावलेलं पांढरं फडकं काढून घरच्या बाईसमोर धरायचं. आपण रोज कशावर झोपतो ते पाहून तिचा चेहरा उतरला, की निम्मं काम झालं. प्रवीण त्यात थोडा हातभार लावायचा. कुम्हारीच्या रस्त्याकडेचा बारीक लाल मुरूम चुन्याच्या डबीत ठेवायचा आणि चिमूटभर आधीच नळीत सोडायचा. सगळेच सोडतात, असं तो स्वतःला सांगायचा.

रुक्माकाकूंकडे मात्र ती चिमूट अंगलट आली. फडक्यावरची तांबूस धूळ काकूंनी बोटाने चाचपली आणि हळूच म्हणाल्या, “ह्यांच्या वर्दीवर अशीच राहे.” हे म्हणजे आनंदराव. कारखान्याच्या सिंटर प्लांटमध्ये, लोहखनिजाच्या भुकटीत, हयात घालवून दोन वर्षांपूर्वी वारलेले. त्यानंतर गादी पिंजून आणली होती, खोळही नवी शिवली होती. तरी ही धूळ!

मग दर महिन्याला बोलावणं येऊ लागलं. आधी प्रवीणला वाटलं, गिऱ्हाईक पिकत आलंय. पुढे काकू फडक्याकडे अशा काही बघायच्या, की रिकामी नळी फिरवायचा त्याला धीरच होईना.

परवा त्यांच्या मुलीचा, रीनाचा, रायपूरहून फोन आला. “भैया, क्वार्टर सोडायची मुदत संपली. आई म्हणते, तुझे बाबा अजून घरी येतात, गादीवर त्यांची धूळ राहते, मी नाही येत. अब आप ही समझाओ उनको.” प्रवीणला जेवण गेलं नाही. आपल्या एका चिमटीने म्हातारीला या घरात डांबून ठेवलं, असं त्याच्या मनाने घेतलं, आणि त्याला स्वतःची शरम वाटली.

म्हणून आज त्याने डबी नालीत रिकामी केली होती. नळी धुऊन वाळवली होती, फडकं नवं कोरं आणलं होतं. त्यात त्याचाही स्वार्थ होता. फडकं पांढरं निघेल त्या दिवशी मशीन घेईन, असं काकू म्हणाल्या होत्या. या महिन्यात त्याची एकही मशीन खपली नव्हती, आणि आजही खपली नाही तर कंपनी पेटी काढून घेऊन त्याला घरी बसवणार होती.

“काकू, एक सांगायचं होतं,” तो खाली बघत म्हणाला. “आतापर्यंतची धूळ मीच टाकत होतो नळीत.”

“मालूम हाय.”

काकूंनी फळीवरून एक गोल चुंबक काढलं. “रीना लहान होती त बाबाच्या वर्दीवर हे फिरवे. लोखंडाची धूळ ते, फटकन चिपके. तुयी एक बी डाव नाई चिपकली.”

“मंग मले बोलावलं कावून?” प्रवीणच्याही तोंडी घरची बोली आली.

“रीनाले सांगाले काही त पायजे होतं,” काकू म्हणाल्या. “आन् तुया हात गादीवर हळू फिरते बा. पाठ चोळल्यावानी.”

प्रवीण पेटी उघडून नळी जोडू लागला.

“आमी भूतखेत नाई मानत,” भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघत काकू म्हणाल्या. “आज काही न टाकता खाली नळी चालव. पांढरं निघालं त मशीन घेतो, सामान बांधतो आन् जातो रायपूरले.” त्या हे ठणकावून बोलल्या, पण चुंबक त्यांनी हातातून खाली ठेवलं नाही.

बाहेर फर्स्ट शिफ्ट सुटलेली माणसं घरोघर परतत होती. एक सायकल फाटकाशी थांबल्यासारखी वाटली. पुढे गेल्याचं मात्र ऐकू आलं नाही. प्रवीणने मशीन सुरू केली. काकूंच्या बाजूला नळी फिरवून फडकं दाखवलं. पांढरंशुभ्र. त्याला हायसं वाटलं.

मग आनंदरावांची बाजू. उशीजवळ पोचताच मशीनचा आवाज घोगरा झाला. नळी पुढे सरेना. गादी मधोमध हळूहळू दबत गेली. आपलाच गुडघा टेकला असेल, असं त्याला वाटलं. पण तो तर जमिनीवर उभा होता.

त्याने बटण बंद केलं. फडकं काढलं. ते कोमट होतं आणि त्यावर काळपट लाल धूळ होती, मुरमाहून कितीतरी बारीक. काकूंनी चुंबक जवळ नेलं. धूळ उभी राहिली आणि फटकन जाऊन चिकटली.

प्रवीणच्या अंगावर सरसरून काटा आला. “मी फिरून एकदा पाहतो, काकू,” असं पुटपुटत त्याने बटणाकडे हात नेला.

“राहू दे,” काकू अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. भीती त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हती. पायथ्याची चादर त्यांनी उशीपर्यंत ओढली आणि बाजूने नीट खोचली. “आताच ड्युटीवरून आले. झोपू दे.”

मशीनचं नाव त्यानेही काढलं नाही. प्लग हलकेच ओढला. चाकं वाजू नयेत म्हणून पेटी उचलून छातीशी धरली, बूट हातात घेतले आणि तापलेल्या अंगणातून अनवाणी जात फाटकाची कडी आवाज न करता लावली.