भाड्याची वाहवा

सभेत उभा राहिला की ज्ञानदेव वाघ असायचा. आकुर्डीतल्या त्यांच्या कामगार कॉलनीच्या बागेत आनंदमेळा भरवावा आणि प्रत्येक घरानं आपल्या मुलखाचं खाणं मांडावं, ही कल्पना त्याचीच. "इथं केरळचे लोक आहेत, पंजाबचे आहेत, सिंधी बांधव आहेत, आम्ही बौद्ध आहोत," तो कडाडला होता. "मशिनवर खांद्याला खांदा लावून उभे राहतो, मग एका पंगतीला बसायला काय हरकत आहे?" टाळ्या पडल्या. कॉलनीचे अध्यक्ष अण्णासाहेब यांनी तर उठून त्याचा हात हातात घेतला. त्या दिवशी ज्ञानदेव घरी आला तो तरंगतच.

घरी बायकोनं, प्रभावतीनं, एवढंच विचारलं, "मग आपण काय मांडायचं?"

झालं! वाघाची शेळी झाली.

"आपण ना, सोड्याच्या बाटल्या ठेवू," ज्ञानदेव म्हणाला. "बर्फात घालायच्या, बूच काढायचं, द्यायच्या. कटकट नाही."

"सोडा आपल्या करमाळ्यात पिकतो व्हय?" प्रभावती म्हणाली. "मी शेंगोळे करणार."

शेंगोळे म्हणजे हुलग्याच्या पिठात लसूण-मिरची घालून मळायचं, एकेक वळी तळहातांवर वळायची आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायची. बाटलीला हात लागतो तो बाहेरून. शेंगोळ्याला आतबाहेर हातच हात. आणि ते कुणी खाल्लेच नाहीत तर? भरल्या बागेत, सगळ्या कॉलनीसमोर, काठोकाठ पातेल्यापुढं प्रभा पळी धरून उभी आहे, हे चित्र त्याला डोळे मिटले तरी दिसू लागलं.

"अगं, लोकांना हुलगा आवडत नाही," तो चाचरत म्हणाला.

प्रभावतीला नवरा आरपार दिसायचा. ती शांतपणे म्हणाली, "हे बघा, आपण इथं राहायला आल्यापासून मी शेजारणींना वाट्या भरून देते. वाटी परत येते, घासूनपुसून लख्ख. आतलं त्यांच्या पोटात गेलं का गाईपुढं गेलं, ते काय वाटी सांगत नाही. मला एकदा माझ्या डोळ्यांनी लोकांना खाताना बघायचंय. बास."

यावर शहाण्या माणसानं 'बरं' म्हणून पीठ दळायला टाकलं असतं. ज्ञानदेवानं तेही केलं, पण तेवढ्यावर थांबेल तर तो पुढारी कसला! दुसऱ्या दिवशी त्यानं काळेवाडीच्या भैरूला गाठलं. भैरू त्याच्याच कंपनीत, पण पेंट शॉपला.

"भावा, माझं एक काम कर. गुरुवारी सुट्टीच आहे. तुझ्या शॉपमधली माणसं मेळ्याला आण. माझ्या स्टॉलवर एकेक वाटी खायची आणि तोंड भरून वाहवा करायची. गर्दी दिसली की बाकीचे आपोआप येतील. पुढच्या सुट्टीला सगळ्यांना मटण, माझ्याकडून."

"एवढंच ना राव? आणतो की. कॉलनीत आमाला कोण वळखतंय!"

"पण मीही ओळखत नाही. मला कळणार कसं?"

"त्यात काय कळायचंय? जो लई वाहवा करंल, तो आपला!"

ज्ञानदेवाला ही खूण फार पसंत पडली. अक्कल गहाण टाकायची तर ती अशी, पावतीसुद्धा न घेता.

गुरुवारी बाग नुसती फुलून गेली. घसरगुंडीशेजारी कुरियन मास्तरांनी केळ्याचे काप तळायला घेतले होते, करतारसिंग ट्रकवाल्यानं लस्सीची घागर मांडली होती, पिंपरी कॅम्पात कापडाचं दुकान असलेले जेठानंद दाल-पकवान विकत होते. आणि प्रभावतीनं आपल्या टेबलामागच्या फळ्यावर स्वतःच्या हातानं खडूनं लिहिलं, 'जय भीम. करमाळ्याचे शेंगोळे.'

ज्ञानदेव लगबगीनं गेला आणि बरोबर 'जय भीम'समोर पाठ करून उभा राहिला.

"सरका जरा," प्रभावती म्हणाली. "पाटी झाकली जाते."

तो सरकला. पण वा रे ज्ञानदेवा, सभेत छाती पुढं काढतोस आणि इथं त्याच छातीची पाठ करतोस, असं त्याचं त्यालाच वाटून गेलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मग त्यानं मनाची समजूत घातली, की हे सगळं प्रभासाठीच आहे. अशी समजूत घालण्यात त्याचा हात धरणारा कॉलनीत दुसरा नव्हता.

आधी अण्णासाहेब आले. पातेल्यात डोकावले, फळ्याकडं पाहिलं आणि गोड हसले. "वास छान सुटलाय हो, पण आज गुरुवार. माझा उपास!" असं म्हणून ते सरळ जेठानंदांच्या पकवानाकडं गेले आणि तिथं त्यांचा उपास सुटला. ज्ञानदेवाच्या कानशिलाला आग लागली. प्रभावती मात्र गालात हसली. "दत्तगुरूंना पकवान चालत असंल," ती पुटपुटली आणि पळी हलवत राहिली.

तेवढ्यात एक बाई दोन पोरांना घेऊन आली. वाटी तोंडाला लावली आणि म्हणाली, "अगंबाई! काय झणझणीत झालंय!" ज्ञानदेवाचा जीव भांड्यात पडला. आली बुवा भैरूची माणसं! पण बाईमाणूसही आणलं? भैरू हुशार निघाला. मग एक म्हातारा आला, त्यानं रस्सा भुरकला आणि डोळे पुसत "वा, वा" केलं. मग करतारसिंग आला. तो म्हणाला, "भाभीजी, एक और!" ज्ञानदेव चमकलाच. भैरूनं सरदारजीलाही फोडला? कमाल आहे! बघता बघता रांग लागली. जो तो खातोय, नाक पुसतोय, हाश-हुश करतोय आणि वाहवा करतोय. प्रभावतीचा चेहरा असा उजळला होता की ज्ञानदेवाला भरून आलं. लग्नानंतर इतकी खुश तिला त्यानं क्वचितच पाहिली होती. चला, मटण वसूल झालं, तो मनात म्हणाला.

फक्त एक गडी अती करत होता. सफारी घातलेला, जाडजूड, दणकट. त्याची तिसरी वाटी चालली होती. "वहिनी, आईच्या हातची याद आली बघा! दुष्काळात गाव सोडलं, तवापासून असे शेंगोळे खाल्ले न्हाईत!" आणि खरोखरच त्यानं रुमालानं डोळे टिपले.

आता हे फारच झालं. ज्ञानदेवानं त्याला दंडाला धरून फळ्यामागं नेलं. "ओ पाव्हणं, बास की! किती नाटक करताय? वाहवा करायला सांगितली होती, रडायला नाही. आणि भैरूशी एकेक वाटी ठरलीय. पातेलं रिकामं करता का माझं?"

"कोण भैरू?" तो गडी बावचळला.

"शाब्बास!" ज्ञानदेवानं डोळा मारला. "कुणी विचारलं तर असंच सांगायचं."

त्याला वाटलं, मिटलं. कसलं मिटतंय! तो गडी सरळ टेबलापाशी आला, वाटी खाली ठेवली आणि भल्यामोठ्या आवाजात म्हणाला, "वहिनी, मी हिंदुराव. भोसरीला असतो, मेव्हण्याकडं आलोय. मला भूक लागली म्हणून खाल्लं. पण हे तुमचे मालक म्हणतात, मला भैरूनं ठरवून आणलंय. हा भैरू कोण, आन् मी काय तमाशाला आलोय का?"

प्रभावतीनं नवऱ्याकडं पाहिलं. तो जमिनीवरची गवताची काडी न्याहाळत होता.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "ही सगळी माणसं तुम्ही आणलेली?"

ज्ञानदेवानं मान डोलावली. तिनं पळी पातेल्यात सोडून दिली. मघाचा तो उजेड तिच्या चेहऱ्यावरून उतरला आणि ते पाहून ज्ञानदेवाला वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं. एकच गोष्ट मागितली होती तिनं, डोळ्यांनी बघायची. तीच त्यानं खोटी करून टाकली होती.

आणि त्याच वेळी फाटकातून भैरू धापा टाकत आला. एकटाच. अंगावर कंपनीचा डगला, कोपरापर्यंत रंग. आल्या आल्या त्यानं ज्ञानदेवापुढं हातच जोडले.

"माफ कर राव! साहेबांनी सुट्टीच्या दिवशीच ओव्हरटाइम लावला. सगळी पोरं आतच अडकली. एक माणूस आणता आला न्हाई मला. स्टॉलवर कुणी आलं का न्हाई? वहिनींची लई फजिती झाली का?"

टेबलाखाली उष्ट्या वाट्यांचा ढीग पडला होता, चाटूनपुसून रिकाम्या. आणि इथं त्यातलं खायला गाय नव्हती. ज्ञानदेव त्या ढिगाकडं बघतच राहिला. त्या बाईला त्यानं "छान करताय, असंच चालू द्या" म्हटलं होतं. म्हाताऱ्याला पाठीवर थाप देऊन "आता जा, दुसऱ्यांना येऊ द्या" म्हणून पिटाळलं होतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती!

हिंदुरावाला सगळा प्रकार उमगला. तो पोट धरधरून हसला आणि म्हणाला, "वहिनी, भैरूची माणसं आलीच न्हाईत, तर मग त्यांच्या वाटचं मला वाढा."

प्रभावतीनं पळी उचलली. हिंदुरावाला वाढलं, भैरूला वाढलं. मग नवऱ्याकडं वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत होता.

"अण्णासाहेबांनी खाल्लं न्हाई, त्याचं मला काय वाटलं न्हाई. ते एकटेच होते. पण माझ्या हातचं कुणीच खाणार न्हाई, असं धरून चाललेलं माणूस माझ्याच घरात निघालं."

ज्ञानदेवानं मान खाली घातली.

तिनं तळाशी उरलेले शेंगोळे खरवडून एका वाटीत काढले आणि ती वाटी त्याच्यापुढं धरली.

"सकाळपासून तुम्ही एक घास खाल्ला न्हाई," ती म्हणाली. "आता खाताय, का तुमच्या वाटचं खायलाबी माणूस ठरवलाय?"