सासूला न विचारलेला प्रश्न

“पान दोनशे चौदा,” खाणकंपनीच्या वकिलाने पुस्तक डोळ्यांजवळ धरून वाचले. “‘पूर्वेकडील पाणझऱ्याला कोणतेही धार्मिक महत्त्व नाही.’ हे वाक्य आपलंच ना, डॉक्टर हॅलोरन?”

“माझंच.”

सुनावणीच्या मांडवाबाहेर, तांबड्या वाळूवर, नाम्पिजिन्पा सगळ्यांकडे पाठ करून बसली होती. झऱ्यावरून खाणीचा रस्ता न्यायचा की नाही, याची ही तिसरी सुनावणी. तिचे गुडघे दुखत होते आणि माशांना हाकलण्याचाही तिला कंटाळा आला होता. पण तिला तोंड फिरवता येत नव्हते, कारण साक्ष देणारा माणूस नात्याने तिचा जावई होता.

चाळीस वर्षांपूर्वी हॅलोरन इथल्या आदिवासींच्या धर्मरीतींचा अभ्यास करायला आला, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्याला जुपुर्रुला हे, कोण कुणाचा कोण लागतो ते ठरवणारे, नात्याचे नाव दिले आणि त्या एका शब्दासरशी, कुणाचेही लग्न न होता, ती त्याची सासू झाली. सासू-जावयांनी एकमेकांना पाहू नये, एकमेकांशी बोलू नये. हा नियम त्याने इथे जन्मलेल्यांहूनही काटेकोरपणे पाळला. ती दिसली की तो वाट बदलून जाई. त्यामुळे झऱ्याची हकीकत जिला ठाऊक, नेमके तिलाच त्याला कधी विचारता आले नाही. त्याने पुरुषांना विचारले. पुरुषांनी मान खाली घालून सांगितले, “तिथं काही नाही.” बायकांच्या जागेविषयी पुरुष दुसरे काय सांगणार? त्याने तेच लिहिले.

बायकांनी ती हकीकत फक्त बायकांसमोर, बंद दाराआड सांगायची परवानगी दोनदा मागितली होती. दोन्ही वेळा वकिलाने हेच पान पुढे केले: जिथे काहीच नाही, तिथले गुपित कसले?

“आई, आता हा तरी काय बोलणार?” तिची मुलगी एडना कुजबुजली. “स्वतःच्या पुस्तकाला कुणी खोटं म्हणतं का?”

“गप. ऐक आणि मला सांग. तुझे कान तरुण आहेत.”

“चाळीस वर्षं गावभर तुझे निरोप पोचवते आहे मी. माझेही कान म्हातारे झाले.”

मांडवात हॅलोरनचा घोगरा आवाज उमटला. “ते वाक्य चुकीचं आहे. ‘मला सांगितलं नाही’ असं लिहायला हवं होतं. मी ‘नाही’ असं लिहून बसलो.”

“म्हणजे आपण नक्की कशाचा अभ्यास केलात, डॉक्टर?” वकील हसला. “याच पुस्तकावर तर आपलं नाव झालं!”

“अर्ध्या माणसांचा. उरलेल्या अर्ध्यांसाठीही तुम्ही तेच पुस्तक वापरता आहात. ते पान मी मागे घेतो. तसं लिहून घ्या.”

एडनाने आईचे मनगट दाबले. “वकिलाचं तोंड बघायला हवं होतंस. दूध नासल्यासारखं झालंय.”

नाम्पिजिन्पा हसली नाही. ज्या चौघींना ती हकीकत ठाऊक होती, त्यांतल्या तिघी गेल्या होत्या. गेलेल्यांचे नाव घेऊ नये या रीतीने त्यांची नावेही आता घ्यायची नव्हती. राहिली ती एकटी, आणि आता तिला ती हकीकत परक्या बायकांना सांगावी लागणार होती.

सुनावणीच्या आयुक्त बाईंनी चष्मा काढला. “इथून पुढे फक्त बायका थांबतील. सगळ्या पुरुषांनी बाहेर जावं.”

वकील आणि बाकीचे पुरुष कुरकुरत मोटारींच्या सावलीत गेले. वकिलाची एक मदतनीस बाई तेवढी लिहायला थांबली. नाम्पिजिन्पा उठली नाही.

“आजी, या ना मांडवात,” आयुक्त बाई म्हणाल्या.

“तो कुठाय?” तिने मुलीला विचारले.

“चाललाय. मोटारींपाशी नाही थांबला. पुढे निघालाय, काटेरी गवतातून.”

“इतक्या उन्हात? टोपी आहे का डोक्यावर?”

“आहे.”

“अजून ऐकू जाईल त्याला.”

“त्यालाही कळतंय ते. चालतोच आहे.”

सगळ्या थांबल्या. मदतनीस बाईने घड्याळ पाहिले. आयुक्त बाईंनी तिला हातानेच थांबायला खुणावले. चाळीस वर्षे ज्या गोष्टीपाशी येऊन तो परत फिरला होता, ती ऐकू येऊ नये म्हणून एक म्हातारा माणूस एकेक पाऊल दूर जात होता.

“आता?”

“बसला. आपल्याकडं पाठ करून.”

नाम्पिजिन्पा मुलीच्या आधाराने मांडवात आली आणि जमिनीवर बसली. तळहाताने तिने समोरची वाळू सपाट केली, बोट टेकवले आणि सांगायला सुरुवात केली.