दहापैकी दहा

मावशींची वही गठ्ठ्यात सगळ्यात वर होती. सरांनी लाल पेनाचं टोपण दातांत धरून ती उघडली, तेवढ्यात मावशींची भाची दारातूनच म्हणाली, "सर, मावशी येणार नाही आज. काल तिचा उजवा हात रोलरमध्ये गेला."

सरांच्या तोंडातलं टोपण वहीवर पडलं.

मावशी आणि भाची एका मोठ्या लॉन्ड्रीत रोलरच्या यंत्रावर चादरी इस्त्री करायच्या. आठवड्याच्या सुटीला सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्या इंग्रजी शिकायला यायच्या. सरांची शिकवणी कडक होती. नाम, क्रियापद, विशेषण, मग कर्ता, कर्म, मग वाक्य. वाक्याच्या शेवटी टिंब नसलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा, म्हणून त्यांच्यामागे सगळे त्यांना फुलस्टॉप सर म्हणत. घरीही तीच तऱ्हा. दूध संपल्याची बायकोची चिठ्ठी फ्रिजवर होती; सरांनी तिच्यातली चूक सुधारली आणि चहाची वाट बघत बसले. हा किस्सा ते स्वतःच वर्गात रंगवून सांगायचे.

"रोलरपुढची पट्टी तुटलीय केव्हाची," भाची सांगत होती. "तिला हात लागला की यंत्र बंद पडायला हवं. पडतच नाही. आता मॅनेजर कानांवर हात ठेवतात. म्हणतात, आम्हाला कुणी कळवलंच नाही, बाईच निष्काळजी. उद्या हेड ऑफिसचे साहेब येणार आहेत. आधीची लेखी तक्रार दाखवली नाही, तर मावशीची नोकरी गेलीच म्हणून समजा."

"तोंडी सांगितलं होतं ना?"

"पन्नासदा. मॅनेजर हसायचे. हेड ऑफिसला इंग्रजीतलं पत्र लागतं, येतं का तुला, म्हणायचे. म्हणून तर ती तुमच्याकडे आली."

सरांना पहिला दिवस आठवला. मावशी म्हणाल्या होत्या, "सर, एक पत्र लिहिता येईल एवढं शिकवा." आणि आपण म्हणालो होतो, आधी पाया, पत्र शेवटच्या महिन्यात.

त्यांनी वर्ग सोडून दिला आणि वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. गृहपाठ सगळ्यांना सारखाच होता, पाच वाक्यं, कर्ता आणि क्रियापद अधोरेखित. इतरांनी मांजर, चेंडू, सूर्य असलं काहीबाही लिहिलं होतं. मावशींनी इंग्रजीत लिहिलं होतं, यंत्राला पट्टी आहे. पट्टी तुटली आहे. 'तुटली'खाली सरांची लाल रेघ आणि शेरा होता, विशेषण छान. पुढच्या आठवड्यात भूतकाळ. मी मॅनेजरना सांगितलं. मॅनेजर हसले. शेरा, उत्तम. त्याच्या पुढच्या आठवड्यात भविष्यकाळ. एक दिवस माझा हात आत जाईल. त्यापुढे बरोबरची खूण, तारीख, सही.

हे लाल अक्षर आपलंच आहे यावर सरांचा विश्वास बसेना. पानामागून पान तेच यंत्र, तीच पट्टी, दर वेळी वाक्य थोडं अधिक नेटकं. मग एका पानाच्या समासात त्यांनीच लिहिलं होतं, तेच तेच नको, नवीन वाक्यं लिहा. त्यानंतर मावशींनी मांजर दूध पितं असं लिहिलं होतं. त्यालाही दहापैकी दहा.

सर धावतपळत दवाखान्यात गेले. मावशींचा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला होता. सरांच्या हातात वही बघून त्या उठून बसायला लागल्या.

"पडून राहा मावशी," सर म्हणाले.

"सर, ती आधीची वाक्यं," मावशींनी विचारलं, "बरोबर होती का?"

"बरोबर होती."

"सगळी?"

"पहिल्या दिवसापासून."

मावशींनी डाव्या हाताचं बोट वहीवर ठेवलं. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तुम्ही वाचताय, खूण करताय आणि पुढे काहीच होत नाहीये. म्हटलं, अजून कुणाला कळण्यासारखं झालं नसेल. म्हणून पुन्हा लिहायचे."

सरांना तिथे उभं राहवेना आणि निघताही येईना. ते स्टुलावर बसले आणि चष्मा काढून रडले.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीच्या ऑफिसात त्यांनी वही हेड ऑफिसच्या साहेबांपुढे ठेवली. मॅनेजर म्हणाले, "हा तर बाईंचा गृहपाठ आहे." साहेब एकेक तारीख कागदावर उतरवून घेत होते. त्या चार महिन्यांपूर्वीपासूनच्या होत्या.

"ही लाल सही कुणाची?"

"माझी," सर म्हणाले.

"म्हणजे हे सगळं तुम्ही त्या त्या दिवशी वाचलेलं आहे. लिहून द्याल?"

"देतो."

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. मग वहीवरून नजर वर करून विचारलं, "चार महिने तुम्हाला हे माहीत होतं. तुम्ही काय केलंत?"

कोपऱ्यात उभी असलेली भाचीही आता त्यांच्याकडेच बघत होती.

"मार्क दिले," सर म्हणाले.